ड्रिल ऑनलाईन, पाइपचे सांधे दुकानातून: गोव्यातल्या हार्डवेअर खरेदीचा लेखाजोखा

हत्यारे आणि हार्डवेअर ऑनलाईन घ्यावे की बाजारातल्या दुकानातून, यावर बहुतेक जण किमतीपासून बोलायला सुरुवात करतात. गोव्यात ती सुरुवातच चुकते. इथे वर्षाला सरासरी ३,००० मि.मी.च्या आसपास पाऊस पडतो, किनारपट्टीला बारा महिने खारा वारा असतो आणि बऱ्याच घरांच्या भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या आहेत. दिल्लीत किंवा पुण्यात वर्षानुवर्षे टिकणारी कडी इथे दोन पावसाळ्यांत गंजून हातात येते. म्हणून वस्तू कशाची बनली आहे आणि कशाला बसणार आहे हे आधी पाहायचे, किंमत नंतर.

आमचे मत सुरुवातीलाच सांगतो. घरात आधीपासून असलेल्या दुसऱ्या वस्तूला जे बसवायचे आहे ते म्हापसा, मडगाव, फोंडा, डिचोली, जे जवळ असेल तिथल्या दुकानात नमुना हातात घेऊन जाऊनच आणावे. ज्या यंत्रावर मॉडेल नंबर आहे आणि जे कशाला जोडायचे नाही, ते ऑनलाईन घ्यायला हरकत नाही. याला अपवाद आहेत, आणि पैसे बुडतात ते त्या अपवादांतच.

सगळ्यात जास्त फसगत स्टेनलेस स्टीलमध्ये होते. ऑनलाईन पानावर नुसते 'एसएस' किंवा 'रस्टप्रूफ' लिहिलेले असते, ग्रेड, म्हणजे स्टीलच्या मिश्रणाचा २०२, ३०४, ३१६ असा नंबर, लिहिलेला नसतो. ग्रेड नसेल तर ती वस्तू २०२ ची आहे असे धरून चालावे. २०२ मध्ये निकेल ४ ते ६ टक्के असते आणि उरलेली कसर मँगनीजने भरून काढलेली असते. ३०४ मध्ये निकेल ८ टक्क्यांच्या पुढे आणि क्रोमियम १८ टक्क्यांच्या आसपास. दिसायला दोन्ही सारखेच चकचकीत. लोहचुंबक लावून पाहणे हा सर्रास सांगितला जाणारा उपाय इथे उपयोगी नाही, कारण २०२, ३०४ आणि ३१६ या तिन्हींना चुंबक जवळजवळ धरत नाही. चुंबक घट्ट चिकटला तर ते ४०० मालिकेतले स्टील आहे एवढेच कळते. तपासायचे द्रावण आणि ९ व्होल्टची बॅटरी असा छोटा संच मिळतो. थेंब टाकून बॅटरी लावली की मँगनीज जास्त असलेल्या २०० मालिकेवर तो लवकर तांबडा होतो. फॅब्रिकेशनच्या सामानाच्या मोठ्या दुकानांत हे करून दाखवायला सांगा. जो दुकानदार तयार होतो त्याच्याकडूनच रेलिंगचा पाइप घ्या.

कुठे कोणता ग्रेड लागतो याचा अंदाज असा. डिचोली, साखळी, फोंडा अशा आतल्या भागात घराबाहेरच्या कड्या, बिजागऱ्या, स्क्रू यांना ३०४ पुरते. कळंगुट, मिरामार, कोळवा, बोगमाळो अशा समुद्रालगतच्या ठिकाणी ३०४ वरही तपकिरी डाग पडतात; तिथे ३१६ हवे, कारण त्यातले २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम खाऱ्यापुढे टिकते. ३१६ चे स्क्रू आणि बोल्ट नेहमीच्या दुकानात सहसा मिळत नाहीत, मिळाले तर बोटीचे सामान विकणाऱ्यांकडे. इथे ऑनलाईन खरेदीच सरस ठरते, पण एका अटीवर: बोल्टच्या डोक्यावर ए४ अशी खूण कोरलेली असली पाहिजे. ३०४ च्या जातीच्या बोल्टवर ए२ असते. स्टेनलेस म्हणून विकले जाणारे सेल्फ ड्रिलिंग स्क्रू पुष्कळदा ४१० चे असतात. ते पत्र्यात सहज घुसतात, पण किनाऱ्यावर गंजतात.

काळे ड्रायवॉल स्क्रू तर गोव्यात लाकडासाठी वापरूच नयेत. ते स्वस्त असतात, शंभराच्या पाकिटात घरपोच येतात आणि सुतारही सवयीने तेच मागतो. त्यांच्यावर फॉस्फेटचा पातळ थर असतो, जस्ताचा नसतो, आणि ते ठिसूळ असतात. दोन वर्षांनी फळी काढायला गेलात की डोके तुटते आणि दांडा लाकडात राहतो. साधा जस्ताचा मुलामा दिलेल्या स्क्रूवर ५ ते ८ मायक्रॉनचा थर असतो, तर गरम जस्तात बुडवून काढलेल्या बोल्टवर ४५ मायक्रॉनच्या आसपास. दुसऱ्याचा रंग मळकट राखाडी आणि पृष्ठभाग खरबरीत असतो. गेट, शेड, पाण्याच्या टाकीचे स्टँड यांना तोच घ्यावा, आणि तो दुकानात किलोवर मिळतो. ऑनलाईन घ्यायचा तर वजनामुळे पोचवण्याचा खर्चच वस्तूच्या किमतीला भिडतो.

आता सांधे. 'एक इंची पाइपचा एल्बो' (काटकोनी सांधा) असे लिहून ऑनलाईन शोधले की तीन वेगवेगळ्या मापांचे एल्बो समोर येतात आणि तिघांवरही एक इंच लिहिलेले असते. सीपीव्हीसीच्या (गरम पाण्यालाही चालणाऱ्या) एक इंची पाइपचा बाहेरचा व्यास सुमारे २८.६ मि.मी., पांढऱ्या यूपीव्हीसीचा ३३.४ मि.मी. आणि बागायतीत वापरतात त्या करड्या पीव्हीसीचा ३२ मि.मी. शेवटच्या दोघांत फरक दीड मिलिमीटरचाही नाही, म्हणून करडा पाइप पांढऱ्या एल्बोत सैल का होईना पण जातो, भरपूर सोल्युशन (चिकटवायचा द्रव) चोपडले की धरतोही, आणि पंप पहिल्यांदा पूर्ण दाबाने चालला की सुटतो. पाइपचा बोटभर तुकडा कापून दुकानात न्यावा, सांधा त्यावर कोरडाच बसवून पाहावा. कोरडा सांधा एक-तृतीयांश ते दोन-तृतीयांश खोलीपर्यंत जाऊन अडला पाहिजे. थेट तळाला आपटला किंवा हलवल्यावर खुळखुळला तर माप चुकले आहे.

नळ जिथे लागतो तिथे पितळी आटे बसवलेलाच एफटीए (आतून आटे असलेला सांधा) घ्यावा. नुसत्या प्लॅस्टिकच्या आट्यात पितळी नळ आवळला की तो आतून चिरतो, आणि ती गळती भिंतीच्या आत होते. सीपीव्हीसी आणि यूपीव्हीसीची सोल्युशने वेगळी आहेत. डब्यावर कशासाठी ते लिहिलेले असते, ते वाचावे, तारीखही वाचावी. झाकण उघडल्यावर आतला पदार्थ काडीवरून मधासारखा ओघळला पाहिजे. जेलीसारखा थरथरत असेल तर डबा परत करावा. हा दोष छोट्या दुकानांत जास्त आढळतो, कारण माल वर्षभर फळीवर पडून असतो. सिलिकॉनच्या ट्यूबलाही तेच लागू. तिथे मोठी ऑनलाईन विक्री असलेला विक्रेता बरा, पण तारखेची हमी तोही देत नाही.

दाराचे मॉर्टिस कुलूप (दाराच्या जाडीत कोरून बसवलेले) बदलायचे असेल तर जुने काढून चार मापे घ्या: दाराची जाडी, दाराच्या कडेपासून चावीच्या भोकाच्या मध्यापर्यंतचे अंतर, हँडलच्या मध्यापासून चावीच्या मध्यापर्यंतचे अंतर आणि सिलिंडरची लांबी. तिसरे अंतर बाजारात बहुतेक ८५ मि.मी. असते, सिलिंडर ६० किंवा ७० मि.मी. चारही जुळत असतील तर ऑनलाईन निवड खरोखर मोठी आहे आणि फिनिशही चांगले मिळते. एक जरी माप जुळत नसेल तर सुताराला दार पुन्हा कोरावे लागेल, आणि सागवानी दाराला अशी जखम करण्यापेक्षा दुकाने हिंडलेली बरी. कपाटाच्या ऑटो बिजागऱ्यांचा घोळही असाच. वाटी बहुतेकांची ३५ मि.मी.चीच, पण दार फळीवर पूर्ण येते, अर्धे येते की आत बसते यावर शून्य, ८ किंवा १५-१६ क्रँक (बिजागरीच्या बाहूचा बाक) ठरतो. ऑनलाईन पानावर फोटो तिघांचाही एकच असतो. शीर्षक सोडून खालचा तपशील वाचायचा.

ड्रिल मशीनसाठी मात्र आम्ही निःसंकोच ऑनलाईन सांगू. किंमत बहुधा कमी पडते, एकाच कंपनीची पाच मॉडेल शेजारी ठेवून तुलना करता येते, आणि गोव्यातल्या दुकानात त्यांतली दोनच असतात. कोणते घ्यायचे ते भिंतीवर ठरते. चिऱ्याच्या भिंतीला साधे १३ मि.मी. चकचे (बिट धरणाऱ्या जबड्याचे) इम्पॅक्ट ड्रिल पुरते. काँक्रीटच्या बीमला किंवा स्लॅबला ते तासन् तास घासत बसते. तिथे एसडीएस-प्लसचे (खाचांच्या दांड्याचे बिट धरणारे) रोटरी हॅमर लागते, २ ते ३ ज्यूलचा ठोका देणारे. दोन्हींचे बिट वेगळे असतात. एसडीएसचा खाचांचा दांडा साध्या चकमध्ये धरत नाही आणि साधा गोल दांडा एसडीएसमध्ये बसत नाही. यंत्र आणि बिट वेगवेगळ्या विक्रेत्यांकडून मागवताना ही चूक हमखास होते.

चिऱ्यात भोक पाडण्याची रीत पॅकेटावर छापलेली नसते, म्हणून इथे देतो. चिरा सच्छिद्र असतो आणि त्यात पोकळ्या असतात. हॅमर चालू ठेवला तर भोकाची कड फुटून ८ चे १० होते आणि प्लग गरागरा फिरतो. हॅमर बंद करून नुसत्या फिरकीवर, ८ मि.मी.च्या प्लगसाठी आधी ६ चा आणि मग ७ चा बिट वापरावा. बाहेरच्या दीड-दोन सेंटिमीटर गिलाव्याचा आधार धरू नये. प्लग गिलावा ओलांडून चिऱ्यात किमान ५० मि.मी. गेला पाहिजे, म्हणजे ऑनलाईन ड्रिलसोबत फुकट येणारे २५-३० मि.मी.चे प्लग इथे कुचकामी. गिझर, एसीचे बाहेरचे युनिट, भरलेले कपाट यांच्यासाठी जाळीच्या नळीतला केमिकल अँकर (भोकात भरल्यावर घट्ट होणाऱ्या राळेत बसवलेला बोल्ट) वापरावा. तो ऑनलाईन मिळतो, पण राळेच्या नळकांड्यावरची मुदत तपासूनच वापरायचा.

बॅटरीवरच्या यंत्रांत आकड्यांचा बाजार आहे. ३.६ व्होल्टचे पाच सेल जोडले की १८ व्होल्ट होतात. तीच बॅटरी पूर्ण भरल्यावर ४.२ गुणिले ५, म्हणजे २१ व्होल्ट दाखवते. १८, '२० मॅक्स' आणि २१ हे तिन्ही आकडे एकाच बॅटरीचे आहेत. '४८ व्हीएफ', '८८ व्हीएफ' असे आकडे छापून येतात त्यांना तांत्रिक अर्थ काहीच नाही. तो आकडा दिसला की पान बंद करावे. दुसरे म्हणजे किंमत आश्चर्यकारक कमी दिसली तर ते 'सोलो' किंवा 'बेअर टूल' आहे का ते पाहा. त्यात बॅटरी आणि चार्जर नसतात, आणि ते दोन मिळून यंत्राइतकेच महाग पडू शकतात. एकदा घेतलेल्या बॅटरीला पुढे त्याच कंपनीची यंत्रे घ्यावी लागतात. त्या कंपनीचे अधिकृत सेवा केंद्र गोव्यात आहे की कोल्हापूर-बेळगावला पाठवावे लागते, हे पहिले यंत्र घेण्याआधी विचारावे.

ग्राइंडर ऑनलाईन घ्या, डिस्क दुकानातून घ्या आणि हातात धरून घ्या. हा आमचा सगळ्यात ठाम सल्ला आहे, कारण इथे चूक झाली तर डोळा जातो. कटिंग डिस्क राळेने बांधलेली असते आणि राळेला दमट हवा सोसत नाही. डिस्कच्या मध्यभागी धातूची कडी असते, तिच्यावर बारीक अक्षरांत महिना आणि वर्ष उमटवलेले असते; ती वापरायची शेवटची मुदत, बनवल्यापासून साधारण तीन वर्षांची. गोव्याच्या पावसाळ्यात उघड्या खोक्यात राहिलेली डिस्क मुदतीच्या आतही बिघडते. उजेडाकडे धरून कडेला चीर किंवा पोपडा दिसतो का ते बघा, टेबलावर सपाट ठेवून डगमगते का ते बघा. त्यानंतर भोकाचा व्यास. आपल्याकडच्या ४ इंची ग्राइंडरला १६ मि.मी. भोकाची डिस्क लागते, ५ इंचीला २२.२ मि.मी.ची, आणि मार्बल कटरच्या ११० मि.मी. पात्याला २० मि.मी. भोक असते. ४ इंची यंत्रावर गार्ड काढून ५ इंची डिस्क बसवतात, ते तर जिवावरचे आहे. १२५ मि.मी. डिस्कची कमाल गती मिनिटाला १२,२५० फेरे, १०० मि.मी.ची १५,३०० च्या आसपास. लहान डिस्कसाठी बनवलेले यंत्र मोठ्या डिस्कला तिच्या मर्यादेच्या काठावर नेऊन ठेवते, आणि गार्ड नसल्यामुळे तुकडे सरळ तोंडावर येतात. नामांकित कंपन्यांच्या डिस्क आणि कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कोळशाचे तुकडे) यांच्या नकला ऑनलाईन आणि बाजारात, दोन्हीकडे आहेत. अर्ध्या किमतीची डिस्क मूळ कंपनीची नसते.

कार्बन ब्रशचे उलट. दुकानात 'हा बसेल' म्हणून कानशीने घासून दिलेला ब्रश होल्डरमध्ये तिरका बसतो, ठिणग्या उडतात आणि आर्मेचर जळते. कंपनीच्या संकेतस्थळावर यंत्राचा सुटा नकाशा असतो, त्यातून पार्ट नंबर घेऊन ऑनलाईन मागवावा. स्विचचेही तसेच. बेअरिंगला मात्र नंबर सगळीकडे एकच असतो: ६२०२ म्हणजे १५ मि.मी. भोक, ३५ मि.मी. बाहेरचा व्यास, ११ मि.मी. जाडी, कुठलीही कंपनी घ्या. ते बेअरिंगच्या दुकानातून सीलबंद पाकिटात घ्यावे.

हातहत्यारांत नाशिकच्या टपारियाची पक्कड, पाने, स्क्रू ड्रायव्हर दोन्हीकडे मिळतात आणि फरक किरकोळ असतो, तेव्हा दुकानातून घ्या. पक्कड मिटून उजेडासमोर धरा, जबड्यात फट सारखी दिसली पाहिजे. टॉर्क पाना, डिजिटल व्हर्नियर, मल्टिमीटर, ३५ मि.मी. फोर्स्टनर बिट, कोबाल्टचे बिट अशा जिनसांसाठी ऑनलाईनला पर्याय नाही. कोयता, कुदळ, पिकास, आडाळी (विळी) ही मात्र म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातच पाहावीत. लोहाराचा कोयता हातात तोलून घेता येतो, नारळाला कोणता आणि गवताला कोणता हे तो सांगतो, आणि धार गेली की पुन्हा लावून देतो. घरपोच येणारा कोयता बहुधा पत्र्याचा निघतो. त्याला पाणी दिलेले नसते.

काजूच्या डोंगरात गवत कापायच्या यंत्राबद्दल थोडे. ४३ आणि ५२ सीसीची बिनब्रँडची टू-स्ट्रोक यंत्रे ऑनलाईन फार स्वस्त दिसतात. ती बहुधा २५ ला १ मिश्रणावर चालतात, म्हणजे लिटर पेट्रोलला ४० मि.ली. टू-टी तेल, ब्रँडेड यंत्रांपैकी पुष्कळ ५० ला १ वर, म्हणजे २० मि.ली. शेजाऱ्याचे ५० ला १ चे मिश्रण आपल्या २५ ला १ च्या यंत्रात ओतले की पिस्टन धरतो. हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलला ओलावा लागतो, म्हणून काम संपल्यावर टाकी रिकामी करून यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, नाहीतर पुढच्या जूनला कार्ब्युरेटर उघडावा लागतो. हे यंत्र आम्ही स्थानिक विक्रेत्याकडूनच घ्यायला सांगू. ऐन श्रावणात गवत कमरेएवढे झालेले असताना क्लच किंवा स्टार्टरची दोरी चार दिवसांत येणार असेल तर तिचा उपयोग नाही. अनुदान घ्यायचे असेल तर बिल कसे लागते ते विभागीय कृषी कार्यालयात खरेदीआधी विचारा.

वायरचे थोडक्यात: आयएस ६९४ (वायरचे भारतीय मानक) आणि आयएसआय खूण, खुणेखालचा सीएम/एल (परवाना) क्रमांक बीआयएस केअर अॅपमध्ये टाकून बघायचा. १६ अँपिअरच्या सॉकेटला २.५ चौ. मि.मी., एसीला ४. अख्खे ९० मीटरचे बंडल लागत असेल तर जिथे स्वस्त तिथे. दहा मीटर हवी असेल तर दुकान.

दुकानांबद्दल तक्रारीही आहेत आणि त्या खऱ्या आहेत. दुपारी एक ते साडेतीन बऱ्याच ठिकाणी शटर खाली असते, रविवारी बंद, आणि मेस्त (कारागीर) एखादा सांधा कमी पडला म्हणून नेमका तेव्हाच थांबलेला असतो. ज्या कंपनीच्या मालात नफा जास्त सुटतो तीच पुढे केली जाते. बिल मागितले की किंमत बदलते. तरीही बिल घ्याच. यंत्रावर १८ टक्के जीएसटी वाचवून वॉरंटी घालवण्यात शहाणपण नाही. उलट चांगल्या दुकानाची एक गोष्ट कुठल्याही ऑनलाईन सेवेत नाही: दहा एल्बो न्या, सात वापरा, न वापरलेले तीन परत द्या. प्लंबिंगच्या कामात हा फायदा ऑनलाईनच्या सवलतीहून मोठा असतो. गणेशचवथीच्या आधीच्या पंधरवड्यात मात्र दोन्हीकडे ताण असतो. घाटात पावसाने वाहतूक अडली तर पार्सल रखडतात, आणि दुकानातला इलेक्ट्रिकचा माल संपत आलेला असतो. माटोळीच्या (गणपतीवर टांगतात त्या फळाफुलांच्या चौकटीच्या) वरचा पंखा-दिवा बदलायचा तर आषाढातच बदलून घ्यावा.

ऑनलाईन यंत्र घरी आले की पेटी उघडण्याआधी सगळ्या बाजूंनी चित्रण सुरू करावे आणि अनुक्रमांक दिसेपर्यंत थांबवू नये. पावसात पेटी भिजलेली असेल तर चक, गिअरचे तोंड, बिट यांवर गंज आहे का ते त्याच चित्रणात दाखवावे. यंत्र पाच मिनिटे नुसते आणि दहा मिनिटे कामावर चालवावे; बेअरिंगचा आवाज आणि जळका वास याच वेळेत कळतो. परतीची मुदत सहसा ७ ते १० दिवसांची असते आणि पुष्कळदा 'फक्त बदलून मिळेल' अशी असते, तेव्हा पेटी जपून ठेवून यंत्र माळ्यावर टाकणे म्हणजे हक्क सोडणे. चांगले निघाल्यावर लोखंडी भागांना तेलाचा हात फिरवून, सिलिका जेलच्या पुड्या घालून झाकणाच्या डब्यात ठेवावे. थर्मोकोलच्या पेटीत ओलावा धरतो.

विक्रेता ऐकत नसेल तर २०२० च्या ई-वाणिज्य ग्राहक नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचे असते. तेवढ्यावर भागले नाही तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन आहे, आणि २०१९ च्या कायद्याप्रमाणे विक्रेता कुठल्याही राज्यातला असला तरी तक्रार आपण राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात दाखल करता येते. सोबत बिल, अनुक्रमांकाचा फोटो आणि ते चित्रण जोडावे.